कोणी न ऐकलेला शब्द

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलात, की जिंतूरच्या अलीकडे बोरी हे गाव येते. बोरी नावाची गावे महाराष्ट्रात आणि गोव्यात कितीतरी आहेत. पत्र पाठवताना तालुका लिहिला नाही तर ते भलत्याच बोरीला जायचे. नाव अगदी साधे, काटेरी झाडाचे. पण या दोन अक्षरांपाशी जरा थांबा. संस्कृतात बोरीच्या झाडाला ‘बदरी’ म्हणत. हिमालयातील बदरीनाथाच्या नावात आहे तीच ही बदरी. मग बदरीची बोरी झाली कशी?

मधला ‘द’ गळाला. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ‘द’ प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडात टिकत नसे. पादाचा पाय झाला, तो असाच. मदन म्हणजे मध काढल्यावर उरणारा चिकट पदार्थ. त्याचे मयण झाले आणि पुढे मेण. कदलीची केळ झाली. बदरीत ‘द’ गेल्यावर उरलेल्या स्वरांचा मिळून ‘ओ’ झाला. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचा मोठा व्याकरणकार होऊन गेला. त्याने प्राकृताच्या व्याकरणात हा ‘ओ’ एका खास सूत्रात नोंदवला आहे. त्याच सूत्रात पूगफळाचे ‘पोप्फल’, म्हणजे आपले पोफळ, हेही येते.

सांगायचे असे, की शब्द वाटेल तसे बदलत नाहीत. ध्वनींना सवयी असतात आणि एखादी सवय लागली, की ती त्या ध्वनीच्या बहुतेक शब्दांत दिसते. आम्राचा आंबा होतो, म्हणून ताम्राचे तांबे होते. कुंभकाराचा कुंभार होतो, म्हणून चर्मकाराचा चांभार, सुवर्णकाराचा सोनार आणि लोहकाराचा लोहार. हा लोहार लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

बदरी आणि बोरी यांच्या बाबतीत आपले काम सोपे होते, कारण दोन्ही टोके लिहिलेली सापडतात. पण जुने टोक कधी लिहिलेच गेले नसेल तर? ती भाषा बोलणाऱ्यांना अक्षरच ठाऊक नसेल तर? तेव्हाही तो शब्द शोधता येतो का? शोधला, तर तो खरा कशावरून? भाषेच्या अभ्यासाला शास्त्र म्हणायचे की नाही, हे या प्रश्नांच्या उत्तरावर ठरते. म्हणून आपण एकच शब्द घेऊ, एक विशेषण, आणि त्याचा माग काढू.

रेड, ब्रेड आणि डेड

इंग्रजीतील ‘रेड’ तुम्हाला पहिल्या इयत्तेपासून माहीत आहे. जर्मन भाषेत तांबड्याला ‘रोट’ म्हणतात, स्वीडिशमध्ये ‘रॉद’. आइसलँड आणि नॉर्वेच्या जुन्या हस्तलिखितांत जी नॉर्स भाषा आहे तिच्यात ‘राउद्र’. इ.स. ९८५ च्या सुमारास ग्रीनलंडमध्ये वस्ती करणारा दर्यावर्दी तांबड्या केसांचा होता, म्हणून त्याला ‘एरिक राउदी’ म्हणत. चौथ्या शतकात बायबलचे भाषांतर ज्या गॉथिक भाषेत झाले, तिच्यात ‘राउथ्स’.

हे शब्द सारखे वाटतात. पण नुसते सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. तीन शब्दांची ही मांडणी पाहा:

इंग्रजी : रेड, ब्रेड, डेड
जर्मन : रोट, ब्रोट, टोट
स्वीडिश : रॉद, ब्रॉद, दॉद
जुनी नॉर्स : राउद्र, ब्राउद, दाउद्र

तांबडा, पाव आणि मेलेला. अर्थाच्या दृष्टीने या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरीही इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘ए’, जर्मनमध्ये तिन्ही ठिकाणी ‘ओ’, नॉर्समध्ये तिन्ही ठिकाणी ‘आउ’. इंग्रजी जेथे ‘ड’ने संपते तेथे जर्मन ‘ट’ने संपते. एक शब्द योगायोगाने जुळेल. तीन शब्द एकाच साच्यात जुळले, तर साचा शोधलाच पाहिजे. (इंग्रजीत ब्रेड आणि डेड यांच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’नंतर ‘ए’ हे अक्षर येते आणि रेडमध्ये येत नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. जुन्या इंग्रजीत तिघांतही ते होते. तेव्हा उच्चार ‘रेआद’सारखा होता. तांबड्या केसांवरून पडलेल्या ‘रीड’ या इंग्रजी आडनावात ते जुने स्पेलिंग काही घराण्यांनी अजून जपले आहे.)

आता मूळ कोणते? ‘ए’, ‘ओ’ की ‘आउ’? येथे आपल्या घरचा अनुभव उपयोगी पडतो. गौर या शब्दाचा आपण गोरा केला, मौक्तिकाचा मोती केला. जोडस्वर बोलता बोलता आखडतो आणि त्याचा एकच स्वर होतो. एकाच ‘ओ’चे नेमके या तीन शब्दांतच पुन्हा ‘आउ’ होणे त्या मानाने अवघड. म्हणून मूळ स्वर ‘आउ’. जर्मनचा ‘ट’ नंतरचा आहे, हे इतर शब्दांवरून कळते: इंग्रजी ‘डे’, जर्मन ‘टाग’, इंग्रजी ‘गुड’, जर्मन ‘गूट’. बाकीच्या बहिणी ‘द’ राखून आहेत आणि एकटी जर्मन वेगळी वागते. तेव्हा मूळ व्यंजन ‘द’.

अशा रीतीने एकेक ध्वनी तपासत अभ्यासक ज्या विशेषणापाशी पोचतात ते असे: *राउदाज. शेवटचा ‘ज’ जहाजातल्यासारखा उच्चारायचा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क, दक्षिण स्वीडन आणि उत्तर जर्मनी या भागात जी भाषा बोलली जात होती, तिला आदिजर्मानिक म्हणतात. *राउदाज हा त्या भाषेतील शब्द. त्या भाषेतील एकही ग्रंथ नाही, कारण तो कधी लिहिलाच गेला नाही.

शब्दाच्या आधी छापलेली चांदणी पाहिलीत ना? ‘हा शब्द कोठेही लिहिलेला सापडलेला नाही, तो पुराव्यावरून उभा केलेला आहे’ असा तिचा अर्थ. ही पद्धत रूढ केली आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. मला ही चांदणी फार आवडते. आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय आपण अनुमानाने मांडले आहे, हे वाचकाला प्रत्येक वेळी बजावून सांगणारी खूण सगळ्याच शास्त्रांनी वापरली असती तर बरे झाले असते.

बोरीच्या लोहाराशी नाते

इंग्लंड आणि जर्मनीतील या भानगडीचा आपल्याशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर आता लोहाराकडे वळू.

‘लोह’ या शब्दाची उकल तुमच्या शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकावरूनच करता येईल. प्रथम ‘ओ’ घ्या. चंद्र अधिक उदय म्हणजे चंद्रोदय. अ आणि उ मिळून ओ, हा गुणसंधी तुम्ही घोकला आहे. संस्कृतातला ‘ओ’ मुळात ‘अउ’च आहे. म्हणजे लोह हे आधी ‘लउह’.

मग ‘ह’ घ्या. ‘धा’ या धातूपासून विधान आणि विधी हे शब्द होतात, आणि त्याच धातूपासून ‘विहित’ होतो. म्हणजे ‘ध’ची जागा ‘ह’ घेतो, तीही संस्कृताच्या आतच. पुढे प्राकृतात तर हे सर्रास झाले: दधीचे दही, बधिराचा बहिरा, गोधूमाचे गहू. तेव्हा ‘लउह’च्या आधी ‘लउध’.

राहिला ‘ल’. लहान मूल ‘राम’ म्हणायला जाते आणि ‘लाम’ म्हणते, हे तुम्ही ऐकले असेल. ‘र’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल आपल्याकडे फार जुनी आहे. सम्राट अशोकाच्या पूर्वेकडील शिलालेखांत राजाला ‘लाजा’ म्हटले आहे. हरिद्रेची हळद झाली ती याच वाटेने. वेदांत तांबड्याला ‘रोहित’ही म्हटले आहे आणि ‘लोहित’ही. इराणच्या प्राचीन अवेस्ता भाषेत या शब्दाच्या आरंभी ‘र’च आहे. म्हणून मूळ ‘रउध’.

‘रउध’ आणि ‘राउद’. आता दोन्ही शेजारी ठेवा.

एक अडचण राहते. आपल्याकडे ‘ध’ आणि त्यांच्याकडे ‘द’, हे कसे? तर तोही नियम आहे. आपले मधु, त्यांची मधापासून केलेली दारू ‘मीड’. आपली विधवा, त्यांची ‘विडो’. आपला बंध, त्यांचे ‘बाइंड’. आपले रुधिर, त्यांचे ‘रेड’. संस्कृतात ‘ध’ असेल तेथे इंग्रजीत ‘ड’. आणि संस्कृतात नुसता ‘द’ असेल तर? तर इंग्रजीत ‘ट’ येतो: द्वि म्हणजे टू, दश म्हणजे टेन, दंत म्हणजे टूथ, आणि बोरीच्या वाटेवर भेटलेला पाद म्हणजे फुट. हे नियम डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडले. हाच ग्रिम आपल्या भावाबरोबर परीकथा गोळा करणारा. सिंड्रेलाची आणि हिमगौरीची गोष्ट त्याच्याच संग्रहात आहे. त्याच्याही आधी, १७८६ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळापासून निघालेल्या असाव्यात असे म्हटले होते. ते मूळ म्हणजे आद्य भारत-युरोपीय भाषा. ती पाच-सहा हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशात बोलली जात असावी, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. *राउदाज आणि लोह ही तिच्यातील एकाच विशेषणाची दोन नातवंडे आहेत. ते विशेषण म्हणजे ‘तांबडा’.

नियमाची कसोटी किती कडक असते ते एका उदाहरणाने दाखवतो. ‘बदनाम’ हा शब्द घ्या. त्यातील ‘बद’ फारसी, अर्थ वाईट. इंग्रजीत वाईटाला ‘बॅड’. ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो. नाते लावून टाकायचे? मुळीच नाही. फारसी ‘बद’चे जुने रूप ‘वद’ आहे. जितके मागे जाऊ तितके हे दोन शब्द एकमेकांपासून दूर जातात. हा निव्वळ योगायोग. आणि गंमत अशी, की त्याच बदनाममधील ‘नाम’ मात्र इंग्रजी ‘नेम’चे खरेखुरे भावंड आहे. एकाच शब्दाचा अर्धा भाग परका आणि अर्धा सख्खा. लोहार आणि रेड ऐकायला कोठेही जुळत नाहीत, तरी नाते पक्के. बद आणि बॅड तंतोतंत जुळतात, तरी नाते शून्य. गावोगावी ‘अमुक इंग्रजी शब्द मूळचा आपलाच’ असे छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. त्यांना एवढेच विचारावे, की नियम कोणता, आणि त्या नियमाने आणखी चार शब्द जुळवून दाखवा.

शेजारणीकडची वाटी

तरीही शंका उरते. नियम सुरेख, मांडणी सुरेख, पण *राउदाज खरोखर कोणाच्या तोंडी होता याला साक्षीदार कोण? विशेषतः शेवटचे ते ‘आज’. इंग्रजी रेडला ते नाही, जर्मन रोटला नाही. अभ्यासकांनी ते मनाने चिकटवले नाही कशावरून?

पहिला साक्षीदार एक सोन्याचे शिंग आहे. डेन्मार्कमधील गॅलेहुस या गावी १७३४ मध्ये ते सापडले. इ.स. ४०० च्या सुमाराचे. त्याच्या काठावर रून लिपीत एक ओळ कोरलेली होती. तिच्यात कारागीर आपले नाव सांगतो आणि हे शिंग आपण घडवले असे म्हणतो. त्या नावाचा एक भाग आहे ‘होल्तियाज’. शेवटी ‘आज’! ज्या काळाचे लिखाण जवळजवळ नाहीच, त्या काळाच्या सोन्यावर नेमका तो प्रत्यय उभा. ते शिंग मात्र आज नाही. १८०२ मध्ये एका सोनाराने ते चोरले आणि वितळवून टाकले. आधी काढून ठेवलेल्या चित्रांमुळे ती ओळ वाचली.

दुसरा साक्षीदार याहून मजेदार आहे. तो म्हणजे फिनलंड. फिनिश भाषा या कुळातली नव्हे. तिचे व्याकरण वेगळे, घराणे वेगळे. पण तिच्या शेजारी जर्मानिक लोक राहत होते, आणि शेजारी म्हटल्यावर देवाणघेवाण आलीच. आपल्या घरची वाटी शेजारणीकडे जाते. आपण पुढे घरातली सगळी भांडी बदलतो. वीस वर्षांनी तिच्या फडताळात पाहावे तर आपली जुनी वाटी जशीच्या तशी. शब्दांचेही असेच झाले. राजाला आदिजर्मानिकमध्ये *कुनिंगाज म्हणत असले पाहिजेत, असे नियम सांगतात. इंग्रजीत त्याचा झिजून ‘किंग’ झाला. फिनिश भाषेत राजाला आजही ‘कुनिंगास’ म्हणतात. सुंदर या अर्थाचे जर्मन विशेषण ‘श्योन’. त्याचे मूळ रूप *स्काउनिज असे मांडतात. फिनिशमध्ये सुंदरला ‘काउनिस’. फिनिश लोकांना शब्दाच्या आरंभी जोडाक्षर जड जाई, म्हणून ‘स’ तेवढा गेला. आतला ‘आउ’ आणि शेवटचा प्रत्यय मात्र शाबूत राहिला.

मग आपले तांबडे विशेषण? तेही त्या फडताळात आहे. फिनिश भाषेत ‘राउता’ असा शब्द आहे, आणि त्याचा ‘आउ’ अजून न झिजलेला आहे. पण त्याचा अर्थ तांबडा नव्हे. राउता म्हणजे लोखंड.

तांबडे तांबे, तांबडे लोखंड

येथे भाषेची गोष्ट संपून धातूंची सुरू होते, किंवा दोन्ही एकच होतात म्हणा.

लोह म्हणजे लोखंड, हे आपल्याला इतके पक्के ठाऊक आहे की दुसरा अर्थ सुचत नाही. पण यजुर्वेदात धातूंची एक यादी आहे. रुद्राच्या अभिषेकाच्या वेळी चमकात ती आजही म्हटली जाते, ऐकली असेल. त्या यादीत सोने, शिसे, कथील यांच्याबरोबर ‘श्याम’ आणि ‘लोह’ असे दोन वेगळे धातू आहेत. श्याम म्हणजे काळा. काळा धातू म्हणजे लोखंड. मग तांबडा धातू कोणता? अर्थात तांबे! लोह म्हणजे मुळात ‘तांबडा’, मग ‘तांबडा धातू’ म्हणजे तांबे, पुढे कोणताही धातू, आणि शेवटी लोखंड. सगळ्या धातूंत लोखंड घरोघरी पोचले, तेव्हा धातूचे सामान्य नाव त्याने स्वतःकडे ओढून घेतले. ‘लोखंड’ म्हणजे लोहाचा खंड, लोहाचा तुकडा.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. एखाद्या जुन्या ग्रंथात ‘लोह’ दिसले आणि तुम्ही आजच्या अर्थाने ‘लोखंड’ असे वाचलेत, तर लोखंडाचा इतिहासच काही शतके मागे सरकवाल. महाराष्ट्रात लोखंडाच्या आधी तांब्याचा मोठा काळ होऊन गेला. जोर्वे येथे तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या. दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांची ओतीव, मुख्यतः तांब्याची, भरभक्कम शिल्पे सापडली. लोखंड वितळवण्याची जुनी भट्टी मिळाली ती विदर्भात, नाईकुंडला, आणि ती पुष्कळ नंतरची. शब्दाचा अर्थ चुकला तर उत्खननाची तारीखही चुकीची वाचली जाते.

फिनलंडमध्ये काय झाले? तेथे तांबड्याचे थेट लोखंड कसे झाले? घासलेल्या लोखंडाकडे पाहा. ते करडे असते, कारण सगळ्या रंगांचा प्रकाश ते जवळजवळ सारखाच परतवते. तांबे मात्र निळा-हिरवा प्रकाश बराचसा शोषून घेते, म्हणून लालसर दिसते. तेव्हा तांब्याला तांबडा म्हणणे समजते. लोखंडाला तांबडे कोण म्हणेल?

जो ते खणून काढतो तो. उत्तर युरोपात दलदलींत आणि तळ्यांच्या तळाशी लोखंडाची ऑक्साइडे साचतात. त्यांची तांबूस-तपकिरी ढेकळे गोळा करून तेथील लोक लोखंड गाळत. नॉर्स भाषेत या कच्च्या मालाचे नावच ‘राउदी’, तांबडे. फिन लोकांनी शेजाऱ्यांकडून नाव घेतले ते या तांबड्या ढेकळांचे, आणि तेच पुढे आतून निघालेल्या धातूला लागले. लोखंड ऑक्सिजनशी संयोग पावले, की तांबडे होते. कुंडीला लावायचा गेरू तांबडा, कोकणातला जांभा दगड तांबडा, पावसात राहिलेल्या विळ्याचा गंज तांबडा. गंजाला इंग्रजीत ‘रस्ट’ म्हणतात. तो शब्दही याच मुळाचा, रेडचा चुलतभाऊ! तुमच्या रक्ताचा रंगही हिमोग्लोबिनमधील लोहामुळेच येतो, आणि रक्ताला आपण रुधिर म्हणतो.

म्हणजे एकाच विशेषणापासून दोन ठिकाणी लोखंडाचे नाव तयार झाले, आणि दोन्ही ठिकाणी वेगळ्या कारणांनी. आपल्याकडे ते तांब्यामार्गे आले. तिकडे गंजाच्या रंगामार्गे. यात आणखी एक उलटी गंमत आहे. रंगावरून धातूला नाव पडले, तसे आपल्या मराठीत धातूवरून रंगाला पडले. ताम्राचे तांबे, आणि तांब्यावरून तांबडा.

रोहिणी

तांबड्याची ही पिलावळ फार मोठी आहे. सगळी सांगत बसलो तर मासिकाचा अंक पुरणार नाही. पण बोरीच्या शिवारात जो शब्द दरवर्षी ऐकू येतो तो सांगितलाच पाहिजे. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो आणि शेतकरी आभाळाकडे पाहू लागतात: रोहिणीचा पाऊस पडतो की सगळा भरवसा मृगावर? रोहिणी म्हणजे तांबूस रंगाची. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, कृत्तिकांच्या पुंजक्याजवळ, एक ठळक नारिंगी-तांबूस तारा दिसतो. तीच रोहिणी. आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन, रोहिणीचे ३,९०० च्या आसपास. थंड तारा, म्हणून तांबडा. दुर्बीण नसताना ज्यांनी हे नाव ठेवले त्यांची नजर काय होती पाहा. १८ जुलै १९८० रोजी भारताने एसएलव्ही-३ या आपल्या अग्निबाणाने कक्षेत सोडलेल्या उपग्रहाचे नावही रोहिणीच होते.

ग्रीकांनी याच मुळापासून ‘एरुथ्रोस’ केला. तांबड्या रक्तपेशींना जीवशास्त्रात एरिथ्रोसाइट म्हणतात तो त्यावरून, आणि उन्हाळ्याच्या तोंडी लाल फुलांनी पेटणाऱ्या पांगाऱ्याला वनस्पतिशास्त्रज्ञ एरिथ्रिना म्हणतात तोही. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने ‘एरिथ्रियन समुद्राच्या’ म्हणजे तांबड्या समुद्राच्या सफरीचे वर्णन लिहिले. त्यात आपल्या मराठवाड्यातील पैठण आणि तेर या बाजारपेठांची नावे आहेत. लॅटिनमधून आले ‘रूबी’ म्हणजे माणिक, आणि ‘रुबिडियम’. बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८६१ मध्ये वर्णपटातील गडद तांबड्या रेषांवरून हे मूलद्रव्य ओळखले आणि त्या रेषांवरूनच त्याचे नाव ठेवले.

शिक्षकांनी हवे तर वर्गात एक तास असा घ्यावा. ज्या मराठी शब्दांच्या मध्ये ‘ह’ आहे असे वीस शब्द फळ्यावर लिहावेत आणि त्यांची संस्कृत रूपे मुलांना शोधू द्यावीत. प्रत्येक ‘ह’ ‘ध’पासून आलेला नसतो, मुखाचे प्राकृतात मुह झाले, मेघाचे मेह. नियम कोठे लागतो आणि कोठे दुसरा लागतो, ते मुलांनाच वाटून काढू द्यावे. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेच्या ग्रंथालयात असला तर उत्तरे ताडून पाहता येतील.

आणि परभणी जंक्शनवर कधी गाडीची वाट पाहत उभे राहिलात, तर समोरच्या रुळांकडे पाहा. आपण त्यांना लोहमार्ग म्हणतो. फिनलंडमधील मुलगा रुळांना ‘राउतातिए’ म्हणतो: राउता म्हणजे लोखंड, तिए म्हणजे रस्ता.